उहुराचा राहून गेलेला आठवडा

'स्टार ट्रेक' या अंतराळयानाच्या गोष्टींच्या मूळ टीव्ही मालिकेतल्या १९६७च्या 'द चेंजलिंग' या भागात नोमॅड नावाचं यंत्र यानावरची संपर्क अधिकारी उहुरा हिची स्मृती पुसून टाकतं. नर्स चॅपल तिला पुन्हा वाचायला शिकवते. ती अडखळते, वैतागून मध्येच स्वाहिलीत बोलते. शेवटी डॉक्टर मॅकॉय सांगतात, आठवड्याभरात कामावर येईल. पुढच्या भागापासून सगळं जणू घडलंच नाही!

मला तो आठवडा हवा होता. तो एका चाहतीने लिहिलाय, आणि मी त्या कथेच्या अक्षरशः प्रेमात आहे. उहुरा स्वतःच्याच आवाजातल्या जुन्या नोंदी ऐकत बसते, या बाईला कशाचं हसू येत असेल याचा अंदाज बांधते. आईचं पत्र तिला वाचता येतं, पण आई आठवत नाही. तिथे मी थांबले, पुन्हा वाचलं. यानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक जेमतेम दारात डोकावून जातात, तेही बरोबरच.

एवढ्या सुंदर लेखनाला दाद मात्र मोजकीच. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांच्या कथांच्या संकेतस्थळावर कुडोजच्या, म्हणजे वाचकांनी दिलेल्या पसंतीच्या, क्रमाने यादी लावली की गाजलेल्या कथाच वर येतात, कर्क-स्पॉकच्या प्रेमकथा तर ढिगाने. त्याऐवजी पात्रांच्या गाळणीत उहुरा निवडा, प्रेमकथा वगळा. शिवाय २००३पासून दर वर्षी होणारा 'यूलटाइड' हा चाहत्यांचा उपक्रम आहेच. ज्या मालिकांवर फारसं कोणी लिहीत नाही, त्यांच्याच कथा तिथे एकमेकांना भेट दिल्या जातात. आणि कथा आवडली तर लेखिकेला दोन ओळी नक्की लिहा. मी तर पानभर लिहिलं.