कोल्हापूर: घड्याळ लावून खायचं गाव

कोल्हापुरात खायला कुठे जायचं, हे सगळेच विचारतात. किती वाजता जायचं, हे फारसं कोणी विचारत नाही, आणि गडबड तिथेच होते. दुपारी दोनला मिसळ शोधायची, संध्याकाळी पाचला मटणाच्या ताटासाठी खानावळीच्या दारात जाऊन उभं राहायचं, भरपेट जेवणावर धारोष्ण दूध प्यायचं, यातलं काहीही केलं तरी या गावाची चव हुकते. शहर तसं आटोपशीर आहे. मध्यवर्ती बसस्थानक, अंबाबाईचं देऊळ, खासबाग, गंगावेस, रंकाळा ही ठिकाणं रिक्षाने एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि देवळाच्या आसपासची बरीचशी चालतच होतात. त्यामुळे हिशेब करायचा तो वेळेचा.

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापुरात सोडते आणि ही वेळ मिसळीसाठी नेमकी जुळते. पुण्याहून रस्त्याने येणाऱ्यांनी साधारण २३० किलोमीटर धरावेत आणि पहाटे निघावं. वाटेत साताऱ्याला किंवा कराडला पोटभर नाश्ता करू नये, चहावर भागवावं. रविवार आणि नवरात्र शक्यतो टाळावं, कारण देवळाची गर्दी आणि खाण्याच्या ठिकाणांची गर्दी एकच असते.

मिसळ सकाळी आठ ते अकरा. शिवाजी उद्यमनगरातली फडतरे, खासबागेजवळची खासबाग मिसळ, कसबा बावड्याची बावडा मिसळ ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. नामांकित ठिकाणी कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट पातळ रस्सा, ठरलेल्या मापाचाच केलेला असतो, तो संपला की दुकान आवरतं. उशिरा गेलात आणि मिळालीच, तरी तळाचा कट आटून खारट झालेला असू शकतो.

इथल्या मिसळीत तळाला मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव-फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि सोबत पावाच्या स्लाइस. पुण्यासारखे पोहे सहसा नसतात. कट वेगळ्या भांड्यात येतो आणि संपला की पुन्हा वाढतात, तेव्हा पहिल्याच दमात सगळा कट प्लेटमध्ये ओतू नका. फरसाण दोन-तीन मिनिटांत भिजून लगदा होतं आणि पुढची सगळी प्लेट एकाच चवीची लागते. दोन पळ्या कट घालायचा, एका कडेने खात यायचं, फरसाण मऊ पडायला लागलं की तेवढा भाग संपवून पुन्हा दोन पळ्या. लिंबू आधी पिळू नका. पहिले चार घास बिनलिंबाचे खाल्ले तरच भाजलेल्या खोबऱ्याची आणि लसणीची चव कळते. स्लाइस कटात बुडवून लगेच तोंडात घालायची, कारण ती पाहता पाहता फुटते.

तिखट झेपत नसेल तर 'कमी तिखट द्या' म्हणून फारसा उपयोग नसतो, कट एकाच पातेल्यातला असतो. त्यापेक्षा 'तर्री कमी, खालचा कट द्या' असं सांगावं. मिरचीचा जाळ आणि रंग दोन्ही तेलात उतरतात आणि तेल वर तरंगतं, म्हणून वरची पळी आणि खालची पळी यांत चांगलाच फरक पडतो. तोंड भाजलं तर पाणी पिऊन जाळ आणखी पसरतो. मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. दही किंवा ताक मागवा, दुधातली प्रथिनं ते द्रव्य बांधून घेतात.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. कोल्हापुरी म्हणजे नुसतं तिखट, हा समज बाहेरच्या हॉटेलांच्या मेनूकार्डांनी पसरवला. इथल्या स्वयंपाकाचा जीव कांदा-लसूण चटणीत आहे. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करतात, त्यात रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी मिरची असते. दोन्हींचं प्रमाण घरागणिक बदलतं आणि चटणीचा स्वभाव तिथेच ठरतो. धणे, तीळ, सुकं खोबरं आणि खडा मसाला वेगवेगळा भाजून डंकावर कुटतात, मग त्यात तळलेला कांदा, लसूण आणि मीठ पडतं. कांदा पुरता कोरडा झाला नाही तर चटणीला बुरशी धरते, खोबरं जादा भाजलं तर सगळ्या रश्शाला कडवट झाक येते. चांगल्या कटात आधी कांदा-लसणीची गोडसर खमंग चव लागते आणि तिखट मागून येतं. जिथे पहिल्याच घोटाला नुसता जाळ लागतो, तिथे चटणीची कसर लाल तिखटाने भरून काढली आहे असं आम्ही समजतो.

मिसळीनंतर किमान तीन तास पोटाला द्या. देवळात जा, भवानी मंडप पाहा, महाद्वार रोडने हिंडा. वडे, डोसे डोळ्यांसमोर येतील. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटरवर, कर्नाटक अगदी शेजारी, म्हणून लोणी डोसा या गावात चांगलाच रुजला आहे. पण तो दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याला ठेवा.

दुपारचं ताट साडेबारा ते अडीच. उशीर केलात तर ताट मिळतं, पण भाकरी गार असते आणि पांढरा रस्सा पुन्हा गरम केलेला असतो, आणि या रश्शाचं सगळ्यात मोठं नुकसान त्यातच होतं. ते कसं, हे समजायला तो कसा करतात ते माहीत हवं.

मटण आधी आलं-लसूण, मीठ आणि भरपूर पाणी घालून शिजवतात, त्याचं पाणी म्हणजे अळणी. पांढरा आणि तांबडा हे दोन्ही रस्से या एकाच अळणीतून निघतात, फोडणीपासून वाटा वेगळ्या होतात. पांढऱ्यासाठी नारळाचं दूध, भिजवून बारीक वाटलेली खसखस आणि तीळ, कुठे थोडे काजू. फोडणीला लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरी. लाल तिखट अजिबात नाही. हळद नाही, अळणीत असली तरी नावापुरती. वाटण तेलात परतताना रंग बदलू द्यायचा नाही आणि नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, मंद आचेवर. ते घातल्यावर रस्सा खळखळून उकळला की फुटतो, पाणी आणि कणी वेगळी दिसायला लागते. म्हणून पुन्हा पुन्हा गरम केलेला रस्सा जिभेला रवाळ लागतो. काही ठिकाणी फुटू नये म्हणून कॉर्नफ्लोअर लावून घट्ट करतात. वाटी तिरकी केल्यावर पांढरा रस्सा पाण्यासारखा धावला पाहिजे. सुपासारखा जाड ओघळला तर पुढच्या वेळी दुसरी खानावळ बघा.

तांबडा रस्साही पातळच असतो. त्यात कांदा-लसूण चटणी, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण आणि अळणी. त्याच्या दाट ग्रेव्हीची अपेक्षा धरून येणारे हिरमुसतात. दाटपणा सुक्क्या मटणाकडे असतो, रस्सा प्यायचा आणि भाकरीत कुस्करायचा.

ताट समोर आल्यावर क्रम पाळा. सगळ्यात आधी पांढरा, वाटी तोंडाला लावून, गरम असतानाच. मग भाकरी, सुक्कं आणि तांबडा. ज्वारीची भाकरी असेल तर चपाती घेऊ नका, तांबडा रस्सा भाकरीत मुरतो तसा चपातीत मुरत नाही. शेवटी भात, आणि भातावर पुन्हा पांढरा. दोन्ही रस्से बहुतेक खानावळींत हवे तेवढे वाढतात, मटण मात्र ताटात येईल तेवढंच. नवखे लोक मटण आधी संपवून बसतात आणि मग रस्सा कशाशी खायचा हा प्रश्न पडतो. तुकडे पुरवून खावेत. मांसाबाबत एक शब्द लक्षात ठेवा, पालवं, म्हणजे कोवळं बकरं. ज्या पाटीवर 'पालव्याचं मटण' लिहिलेलं असतं तिथे तुकडा लवकर सुटतो आणि अळणीला उग्र वास येत नाही.

लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस, तसंच ओपल आणि देहाती ही ताटासाठी जुनी ओळखीची नावं. पण गल्लीबोळांत घरगुती खानावळी पुष्कळ आहेत आणि दुपारी रिक्षावाले जिथे जेवायला थांबतात तिथे ताट ताजं असतं, हा नियम आम्हाला आजवर खरा वाटत आला आहे. वार बघून या. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि श्रावणात मांसाहार न करणारी घरं इथे खूप आहेत, त्यामुळे बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मटणाला मागणी जास्त आणि माल ताजा, रविवारी मात्र गर्दी सोसावी लागते.

शाकाहारी मंडळींनी 'व्हेज कोल्हापुरी' मागवू नये. ती भाजी हॉटेलांची, इथल्या घरांतली नाही. त्याऐवजी आक्खा मसूर मागवा. मसूर न भरडता शिजवून कांदा-लसूण चटणीच्या फोडणीत मुरवतात, दाणा मऊ पण अखंड राहायला हवा. झुणका, भरलं वांगं, खर्डा आणि दही एवढं असलं की ताट पुरं होतं.

साडेतीन ते सात खानावळी बंद किंवा ओस. या वेळेत कॉकटेल आइस्क्रीम, त्यासाठी सोळंकी हे नाव गावात कोणीही सांगेल. उंच ग्लासात आइस्क्रीम, दाट गार दूध, फळांचे तुकडे, जेली, सुका मेवा. दोघांत एक पुरतं. पातळ व्हायच्या आत संपवा.

सहाच्या पुढे खासबाग. कुस्तीचं मैदान शाहू महाराजांच्या काळातलं, त्याच्या आसपास संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांची रांग लागते, आणि राजाभाऊंची भेळ इथलीच. भेळ हातात आल्यावर फिरत फिरत खाऊ नका, उभं राहून लगेच संपवा, चुरमुरा चिंचेचं पाणी पटकन शोषतो. तिखट चटणी आधी निम्मी घालायला सांगावी आणि मग वाढवून घ्यावी. रात्रीचं जेवण हवंच असेल तर भेळ दोघांत एक घ्या.

दूध कट्टा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. गंगावेशीत म्हशी आणून बांधलेल्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात. संध्याकाळीही कट्टा भरतो आणि बरेच पाहुणे तेव्हाच जातात, पण चिंचेच्या भेळेवर किंवा मटणाच्या ताटावर ते दूध जड पडतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, रिकाम्या पोटी अर्धा लिटरही जास्त होतो. एक लहान ग्लास घ्या, साखर न घालता, आणि घोटाघोटाने प्या. हा कट्टा तालमीच्या परंपरेतून टिकला आहे. जोर-बैठका मारून आलेल्या पैलवानांचा तो खुराक होता आणि गंगावेस तालीमही याच भागातली. आता महत्त्वाचं: हे दूध कच्चं, न तापवलेलं असतं. गरोदर बाई, लहान मुलं, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ते पिऊ नये. त्यांच्यासाठी विकत घेऊन उकळून प्यायचा मार्ग आहेच. धार काढण्याआधी कास धुतली का, भांडं कोरडं आणि स्वच्छ आहे का, हे बघा. तसं नसेल तर पुढच्या म्हशीकडे जा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

परतीच्या वाटेवर घ्यायच्या गोष्टी तीन: गूळ, भडंग, चटणी. ऊस गाळपाचा हंगाम, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, असेल तर शहराबाहेरच्या एखाद्या गुऱ्हाळावर थांबा. कढईतला रस उकळताना रानभेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणतात आणि ती काढून टाकतात. गरम काकवी तिथेच चाखायला मिळते. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो. लख्ख पिवळा गूळ दिसायला छान, पण तो रंग आणायला पुष्कळदा रसायन वापरलेलं असतं. आम्ही तांबूस-तपकिरी घेतो. जिभेवर ठेवला की खारट लागू नये आणि दाबला की चिकटून न बसता तुटावा. ३० किलोचा रवा, म्हणजे मोठी ढेप, ही व्यापाऱ्यांची खरेदी, घरी एक किलोची ढेप पुरे. पावसाळ्यात नेत असाल तर आधी कागदात आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर दोन दिवसांत पाझरायला लागतो.

भडंग घेताना चुरमुरा हातात घेऊन मोडून बघा, कडक आवाज यायला हवा. लसूण कुरकुरीत आणि शेंगदाणा खमंग असला पाहिजे, खवट तेलाचा वास आला तर पाकीट जुनं. घरी उघडल्यावर मऊ पडलं तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच मिनिटं हलवलं की पुन्हा कुरकुरीत होतं. चटणी सामानात सगळ्यात खाली, दोन पिशव्यांत बांधून, कपड्यांपासून लांब. तेल सुटतं आणि ब्याडगीचा डाग धुतला तरी निघत नाही.