पांढरी सहा

व्हॉट्सॲपवर निरोप आला की सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी पाचशे शब्दांत मनोगत पाठवावं, सोबत एक फोटो. फोटो पाठवलाय. पाचशे शब्दांचं मात्र जमणार नाही हे आधीच सांगतो, कापायचं असेल तर माझं स्वतःचं कौतुक जिथे येतं तिथे कापा, सरांचं कापू नका.

सायन्सचे सर म्हटल्यावर आमच्या बॅचला नाव सांगावं लागत नाही. पहिल्या तासाआधी गेटाबाहेरून त्यांच्या टू-स्ट्रोक गाडीचा आवाज यायचा, मग निळा धूर आणि मग सर. बाकीचे शिक्षकही चांगले होते, त्यांच्यावर बाकीचे लिहितीलच, गॅदरिंग आणि सहलीवर तर शंभर जण लिहितील. मी पेटीबद्दल, म्हणजे शाळेच्या हार्मोनियमबद्दल लिहितो.

नववीतली गोष्ट. सकाळची प्रार्थना सुरू झाली, संगीताच्या बाईंनी भाता मारला आणि पेटीतून एक सूर जो निघाला तो थांबेचना. प्रार्थनेचा सा काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, आणि खालून सतत पांढरी सहा, सहावी पांढरी. ज्यांना गाण्यातलं कळतं त्यांनी हिशोब करावा, सबंध प्रार्थनेला कोमल धैवताचा तंबोरा. बाई बोटं बदलतायत, स्टॉपर ओढतायत, तरी भात्यात हवा आहे तोवर तो सूर आपला चालूच. तिसऱ्या ओळीला सातवीच्या रांगा हसून कोसळल्या आणि प्रतिज्ञा पेटीशिवाय झाली.

सरांनी मधल्या सुट्टीत पेटीचं झाकण काढलं तर पांढऱ्या सहाच्या बाजूच्या फटीत खडूचा तुकडा, त्यामुळे पट्टी दाबलेलीच राहिलेली. खडू पिवळा होता. पिवळे खडू त्या आठवड्यात फक्त आमच्या वर्गात आलेले, त्यामुळे अख्खा वर्ग पीटीच्या तासाला उभा. कुणी घातला ते कुणीच बोललं नाही. मी घातला होता. झालं, लिहून टाकलं, त्या दिवशी क्रिकेट बुडालेल्या सगळ्यांची इतक्या वर्षांनी माफी.

आता यावर भाषणात सांगतात तसं, सरांनी मला ओळखलं आणि शिक्षा म्हणून नवी दिशा दिली वगैरे, असलं काही झालेलं नाही. सरांना फक्त भाता मारायला माणूस हवा होता आणि मी पहिल्या बाकावर बसायचो. पेटी उघडलीच आहे तर साफ करू आणि सूरही लावून घेऊ असं त्यांच्या मनात आलं. सर स्वतः इतके बेसूर की प्रार्थनेला नुसते ओठ हलवायचे, कारण एकदा मोठ्यानं म्हटल्यावर पुढच्या दोन रांगा सूर सोडून त्यांच्या मागे गेल्या होत्या. पण ते म्हणाले, 'मला सुरातलं कळत नाही, मला मोजता येतं.' शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत पेटी टेबलावर, मी भात्यावर, सर हातात कानस घेऊन, असे चार शनिवार गेले.

पेटीच्या आत काय असतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पितळेच्या पातळ जिभा ओळीनं बसवलेल्या, एका टोकाला पक्क्या आणि दुसरं टोक मोकळं, हवा गेली की थरथरतात. सर म्हणाले मोकळं टोक घासलं की जीभ हलकी होते, सूर चढतो. मुळाशी घासली की लवचिक होते, सूर उतरतो. किती घासायचं? दोन-तीन हात मारायचे, परत बसवायची, वाजवायची, परत काढायची. आमच्या पेटीत सुरांच्या दोन ओळी होत्या, त्यातली एकच ओळ सरांनी हातात घेतली, हे नशीबच म्हणायचं, का ते पुढे येतं.

नादकाटे (ट्यूनिंग फोर्क, वाजवला की एकच ठरलेला सूर देणारा दोन पायांचा काटा) प्रयोगशाळेत होतेच, लाल मखमलीच्या डबीतले आठ, २५६ पासून ५१२ हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. सरांनी २५६ चा काटा रबरी हातोडीनं वाजवला, त्याची दांडी पेटीच्या फळीवर टेकवली आणि मला पांढरी एक वाजवायला सांगितली. दोन्ही आवाज मिळून एक तिसरीच गोष्ट ऐकू यायला लागली, वॉव-वॉव-वॉव-वॉव, जणू आवाजाला कुणी झोके देतंय. बीट्स. पुस्तकात दोन ओळींची व्याख्या होती, पाठ करून दोन मार्क. इथे ते झोके फळीतून बोटाला कळत होते. सेकंदाला जितके झोके, तितकाच दोन सुरांच्या कंपनांत फरक. सर मनगटावरच्या घड्याळात बघत मोजत होते, सेकंदाला पाच-सहा. म्हणाले, 'म्हणजे पेटी पाच-सहा हर्ट्झ चढलीय. काटा खोटं बोलत नाही.' आणि लागले मुळाशी घासायला.

दोन शनिवारांत पांढरी एक ते पांढरी चार अशा चार पट्ट्या काट्याला चिकटल्या. तिसऱ्या शनिवारी बाई आल्या, काळी एक धरून सा म्हटला, रे ठीक, गंधारावर आल्या आणि थांबल्या. 'अहो सर, हे काय करून ठेवलंत? पांढऱ्या एकीकडे आणि काळ्या एकीकडे.' गंधार उतरलेला, निषाद उतरलेला, काळी एकच्या सा-पासून दोन्ही घासलेल्या पांढऱ्यांवरच येतात. सर आधी दोन मिनिटं काट्याच्या बाजूनं भांडले, मग गप्प झाले, मग फळ्यावर आकडेमोड सुरू. सोमवारी वर्गात येऊन त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माझी चूक', खाली दोन आकडे, २५६ आणि २६१.६. वाद्यं लावताना पांढरी सहा ४४० धरतात, त्यावरून पांढरी एक २६१.६ येते. प्रयोगशाळेचा काटा २५६ चा, कारण दोनला दोननं गुणत गेलं की २५६ येतात, गणिताला सोयीचा. पेटी मुळात बरोबरच होती. 'काटा खोटं बोलला नाही,' सर म्हणाले, 'पण तो दुसऱ्या गावचा आहे, हे मी विचारायला पाहिजे होतं.' फळ्यावर स्वतःच्या नावानं चूक लिहिणारा माणूस मी त्यानंतर फार बघितलेला नाही, आमच्या ऑफिसात तर नाहीच नाही.

चौथ्या शनिवारी चारही पट्ट्या परत वर आणल्या. दुसरी ओळ हात न लावलेली होती ना, तिच्याशी मिळवून. सर झोके मोजणार, बाई 'चढला', 'उतरला' म्हणणार, मी भाता मारणार. झोके हळू होत होत जातात, सेकंदाला तीन, एक, मग दोन सेकंदांतून एक, आणि मग एकदम सपाट, जणू दोन सूर एकमेकांत विरघळले. तो क्षण ऐकला ना की माणूस कामातून जातो. मी गेलो.

त्याच दिवशी निघताना सरांनी गाडीला किक मारली आणि म्हणाले, 'हिची पट्टी काढ बघू.' मला वाटलं चेष्टा. मग धुळीत काडीनं हिशोब झाला. सिंगल सिलिंडर टू-स्ट्रोक, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक बार. मिनिटाला ६६०० फेरे म्हणजे सेकंदाला ११०. आणि ११० म्हणजे ४४० च्या बरोबर दोन सप्तकं खाली, म्हणजे परत पांढरी सहाच! फोर-स्ट्रोक असती तर दोन फेऱ्यांना एक बार, त्याच वेगाला ५५, अजून एक सप्तक खाली. फोर-स्ट्रोकवाले इतके गंभीर का वाटतात ते मला तेव्हा कळलं. (माझ्याकडे आरएक्स १०० आहे, तीही टू-स्ट्रोक, अजून चालू आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजावं.)

आता माझं. पोटापाण्याला ऑफिस, बाकी सगळा वेळ सिंथेसायझर. सुरुवात मामेभावाच्या कॅसिओ व्हीएल-वन या छोट्या कीबोर्डनं झाली, जेमतेम फूटभर लांब, त्यात कॅल्क्युलेटरही होता आणि गंमत म्हणजे त्या कॅल्क्युलेटरमध्ये आठ आकडी संख्या टाकली की तीच आवाजाचा आकार ठरवायची, किती पटकन चढणार, किती वेळात विरणार. आवाज आकड्यांनी लिहिता येतो! भाऊ त्यावर घरखर्चाची बेरीज करायचा आणि मी ती संख्या वाजवून बघायचो, लाइटबिलाचा आवाज वाईट होता.

मग बऱ्याच वर्षांनी डीएक्स सेव्हन हा सिंथ सेकंडहँड घेतला. १९८३ चं मॉडेल, आत सहा ऑपरेटर (प्रत्येक एक साधा सूर काढणारा), ते एकमेकांना जोडायच्या ३२ तऱ्हा. त्याच्यामागची युक्ती जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये स्टॅनफर्डला सापडली. एका आवाजाच्या कंपनसंख्येला दुसऱ्यानं हलवायचं, हळू हलवलं तर ते नुसतं आंदोलन ऐकू येतं, पण हलवण्याचा वेग वाढवत नेला की एका टप्प्याला झोके ऐकू येणं बंद होतं आणि त्यातून घंटा, पितळ, काच असे नवेच आवाज बाहेर पडतात. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि पहिला विचार, सरांना फोन करावा. केला नाही, दोन वाजले होते. ॲनालॉग सिंथवर तर रोज सरांचीच आठवण. दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारी दोन सर्किटं, एकाच सुराला लावायचे आणि एकाला केसभर हलवायचं, लगेच वॉव-वॉव, आवाज जाडजूड होतो. लोक त्याला डीट्यून म्हणतात आणि फार कौतुक करतात, मी ते लाल मखमलीच्या डबीशेजारी ऐकलेलं आहे.

मधे एका रिपेअरवाल्याकडे एक जुना सिंथ दिला होता, सात महिने ठेवून 'पार्ट मिळत नाही' म्हणून परत केला. घरी उघडला तर आतली चपटी वायर, रिबन केबल, सैल. झाकण उघडून बघायचं असतं, एवढंच.

अजून एक सांगतो, हे सरांना समक्ष सांगायचं राहिलंय. माझी गाडी यामाहा, डीएक्स सेव्हन यामाहा, आणि दोन्हीच्या खुणेत तीन नादकाटे. मी कितीतरी वर्षं ते चाकाचे आरे समजत होतो. १८८७ साली जपानमध्ये हामामात्सुला तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला एका शाळेनं बोलावलं, कशाला, तर शाळेचा ऑर्गन दुरुस्त करायला. तोही जिभांचाच, आपल्या पेटीचा भाऊबंद. तो दुरुस्त करताना त्यांना वाटलं असा आपणही बनवू शकतो. बनवला, खांद्यावरून डोंगर चढून तोक्योला नेला, तर तिथल्या संगीत संस्थेनं सांगितलं की सूर नीट लागलेले नाहीत. मग ते नादकाटा घेऊन सूर लावायला शिकले आणि पुन्हा बनवला. मोटरसायकलची कंपनी १९५५ मध्ये वेगळी झाली, पहिली गाडी १२५ सीसी टू-स्ट्रोक. म्हणजे शाळेची पेटी, चुकलेले सूर, नादकाटा, टू-स्ट्रोक, सगळं त्याच क्रमानं. तिथे 'हे काय करून ठेवलंत' म्हणणाऱ्या बाई होत्या का ते मात्र लिहिलेलं नाही.

कौतुकाचा परिच्छेद हा, कापा हवा तर. गेल्या वर्षी एका शॉर्ट फिल्मचं म्युझिक केलं. एका शॉटमध्ये मोटरसायकल समोरून निघून जाते, रेकॉर्डिंगमध्ये नुसता वारा आला होता, मी ती गाडी सिंथवर वाजवली. करवतीच्या दात्यांसारखी वेव्ह, वर थोडा खरखराट, सायलेन्सरच्या जागी लो-पास फिल्टर, वरचे तीक्ष्ण सूर अडवणारा. गाडी ताशी ६० नं गेली तर येतानाचा आणि जातानाचा सूर यात साधारण पावणेदोन सेमीटोनचा फरक पडतो, तेवढं पिच-व्हील, म्हणजे सूर चढवा-उतरवायचं चाक, हातानं खाली ओढलं. बघणाऱ्या एकालाही कळलं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस ते, कुणालाही न कळणं.

शाळेत मधे दाखल्याच्या कामासाठी आलो होतो. सायकल स्टँड गेलंय, तिथे पेव्हर ब्लॉक. प्रार्थना मोबाईलवरून स्पीकरवर लागते, सुरात आहे, एकदम चोख सुरात, खडू घालायला कुठे फटच नाही. मुलं मोबाईल बघत नव्हती हेही खरं, पण रांगेत कुणीच हसत नव्हतं. प्रयोगशाळेत नादकाट्यांची डबी दिसली, आठातले पाच शिल्लक.

सर भेटले होते त्याआधी एका लग्नात. आता कानाला मशीन आहे. मी डीएक्स सेव्हनबद्दल ओरडून ओरडून सांगत होतो आणि त्यांनी एकच विचारलं, 'उघडलास का?'

पेटी स्टाफरूमच्या वरच्या कपाटात आहे असं शिपाईकाका म्हणाले, किल्ली कुणाकडे ते त्यांना माहीत नव्हतं. संपादक मंडळापैकी कुणी तेवढं शोधून ठेवा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी येतो, गाडीवरूनच, कानस आणि ब्रश माझ्याकडे आहे, भात्याला एखादा नववीतला मुलगा बघा. बाई येणार असतील तर उत्तमच. आणि सरांना घड्याळ घालून यायला सांगा.