एकोणीस एक

रद्दीवाल्याच्या कॅल्क्युलेटरचं एकचं बटण रुसलं होतं. वैतागून त्याने ते धडाधड दाबलं आणि पडदाभर नुसते एक झाले. बारा. माझ्या तोंडून निघून गेलं, "तीनने भाग जातो." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने रद्दी पुन्हा काट्यावर ठेवली.

खोड आजोबांची. एसटीचं तिकीट, विजेचं बिल, पुढच्या ट्रकची नंबरप्लेट, आकडा दिसला की फोडायचा. मे महिन्यातल्या एका दुपारी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी सात एक लिहून दिले आणि आडवे झाले. तीनने जाईना, साताने जाईना. अकरा, तेरा, सतरा... भागाकार पत्रिका उलटून 'आपले कृपाभिलाषी'च्या अंगावर चढले, शंभरी ओलांडली, तरी बाकी उरतच होती. चहाला उठल्यावर आजोबांनी चष्माही न लावता लिहिलं: २३९ × ४६४९. पाठ होतं त्यांना! ही सरळसरळ चीटिंग.

एकांच्या रांगा तशा फुटायलाच बसलेल्या. ११ मूळ, म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी, पण १११ म्हणजे सदतीस त्रिक. रांगेतल्या एकांची संख्या संयुक्त, म्हणजे स्वतःच फुटणारी असली की विषयच संपला. ती मूळ असली तरी भरवसा नाही. तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, सगळे दगा देतात. आणि मग येतात एकोणीस एक.

११,११,११,११,११,११,११,११,१११.

ही फुटत नाही. एकला हिने भागून पाहा: दशांशचिन्हापुढे अठरा शून्यं, मग एक नऊ, परत अठरा शून्यं, परत नऊ, असं अखंड. बरोबर एकोणीस आकड्यांचं आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही. देवळालीचे गणितवेडे कापरेकर मास्तर अशा एकांचे वर्ग मांडायचे, १११ चा १२३२१. त्यांना त्यांनी नाव दिलं डेम्लो संख्या, म्हणजे आपल्या डोंबिवली स्टेशनचं तेव्हाचं नाव. डोंबिवलीकरांनी याची एखादी पाटी तरी लावायला हवी होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जी प्रचंड मूळ संख्या सापडली, दोनाचा १३६२७९८४१ वा घात वजा एक, तिच्यात चार कोटींहून जास्त अंक आहेत. नुसत्या शून्य-एकाच्या द्विमान पद्धतीत लिहिली तर तीही नुसत्या एकांचीच. आदर आहे, पण तिच्याशी घरोबा होणं कठीण. एकोणीस एक कसे, पत्रिकेच्या पाठीवर मावतात.

एकोणीसनंतर तेवीस चालतात, मग थेट ३१७, मग १०३१. अशा रांगा कधी संपतात की संपतच नाहीत, हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. भाची विचारते, एकोणीसच का, सतरा का नाही? मी सांगतो, सतरा एकांना २०७१७२३ ने भाग जातो. "हे काय उत्तर झालं?" ती म्हणते.

नाहीच. पण जातो.