कंट्रोल चार्ट म्हणे जुना झाला

कारखान्यातली रीडिंग वरच्या-खालच्या लिमिटच्या आत आहेत का हे दाखवणारा, श्यूहार्ट या अमेरिकन इंजिनिअरने १९२४ साली काढलेला कंट्रोल चार्ट आता मोडीत काढा, मशीन लर्निंग लावा असं सगळे म्हणतायत, पण थांबा जरा. तीन सिग्माच्या (म्हणजे सरासरीपासून तीन स्टँडर्ड डेव्हिएशन वर-खाली) लिमिट लावल्या की सगळं ठीक असतानाही सरासरी ३७० पॉइंटमागे एक खोटा अलार्म येतोच, आणि तेही रीडिंग एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर. सेन्सर दर सेकंदाला तापमान देतो तेव्हा आधीचं रीडिंग पुढच्याला चिकटलेलंच असतं, मग अलार्म नुसते वाजत सुटतात आणि माणूस सरळ आवाजच बंद करून टाकतो (मीही केलाय). तिथे ऑटोएन्कोडर (नॉर्मल डेटा कसा दिसतो ते शिकणारं मशीन लर्निंगचं मॉडेल) कामाला येतो, तापमान, प्रेशर, स्पीड सगळं एकत्र बघून एकच एरर देतो, म्हणजे रीडिंग नॉर्मलपासून किती हटलंय त्याचा आकडा. पण त्या एररला लिमिट कुठे मारायची? परत चार्टच काढला ना! आणि ट्रेनिंगच्या डेटात एखादी खराब बॅच घुसली असेल तर मॉडेल तिलाच नॉर्मल समजून बसतं.