अठरा मीटर वायर, किलोभर चांदी

कॉल डोंबिवलीचा. डावा स्पीकर दबका वाजतोय, तर तिथे चांदीची केबल टाकून द्या, असं काकांचं म्हणणं. कोटेशन त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. ॲम्पपासून (ॲम्प्लिफायर) प्रत्येक स्पीकरपर्यंत 9 मीटर, वायर अडीच स्क्वेअरची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, स्पीकर 4 ओहमचे.

आधी ॲम्पच्या मागे डावी-उजवी वायर अदलाबदल केली. दबका आवाज डावीकडेच. मग स्पीकरच्या जागा बदलल्या, तरी डावीकडेच. उरली वायर.

इतका कमी रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर कळत नाही, कारण प्रोबच्या वायरीच पाव ओहम दाखवतात. म्हणून स्पीकरकडचे दोन्ही बनाना प्लग (वायरीच्या टोकाला स्क्रूने आवळायच्या पिना) तांब्याच्या जाड तुकड्याने जोडले, ॲम्पकडून बेंच सप्लायने (हवा तेवढा करंट देणारा टेबलावरचा सप्लाय) बरोबर 1 अँपिअर सोडला आणि करंटच्या क्लिपांपासून वेगळे प्रोब लावून मिलिव्होल्ट वाचले. जितके मिलिव्होल्ट तितकेच मिलिओहम. जाऊन-येऊन 18 मीटर अडीच स्क्वेअर तांब्याला साधारण 124 यायला हवेत. उजवीकडे आले 198, डावीकडे 710!

ब्लेडने एक तार खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. तांब्याचं कवच चढवलेलं ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा जास्त, त्यामुळे उजवीकडच्या 198 चा हिशोब तिथेच लागला. डाव्या बाजूचा प्लग गॅलरीच्या दाराशी, पावसाळी हवेत. स्क्रूखाली ॲल्युमिनियम हळूहळू दबत जातं, पकड सैल होते, उघड्या भागावर ऑक्साइडचा थर बसतो आणि त्यातून करंट जात नाही. प्लग उघडला तर आत करडी भुकटी. दोन इंच वायर कापून नव्याने सोलून आवळली, रीडिंग 200 वर आलं.

710 मिलिओहम म्हणजे नुसता आवाज कमी होत नाही. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे सुराच्या उंचीनुसार बदलणारा रेझिस्टन्स, जिथे 3.2 ओहमला उतरतो तिथे 1.7 डेसिबल जातात, जिथे 20 ला चढतो तिथे जेमतेम 0.3. सूरच बदलतो.

आता चांदी. चांदीचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा सात-आठ टक्के कमी, म्हणजे याच मापात 124 ऐवजी 115. चार स्क्वेअरचं साधं तांबं 78 देतं. शिवाय दोन्ही स्पीकरच्या जाऊन-येऊन चार वायरी मिळून 36 मीटर अडीच स्क्वेअर शुद्ध चांदीचं वजन होतं 944 ग्रॅम. सराफाकडे किलोभर चांदीला काय पडतं ते काकांना पक्कं ठाऊक होतं. कोटेशन त्याच्या पासंगालाही नव्हतं. म्हणजे मुलामाच. स्पीकरच्या केबलीत त्या मुलाम्याने फरक पडत नाही. सूर जितका उंच तितका करंट वायरीच्या पृष्ठभागाकडे सरकतो हे खरं, पण तो थर मायक्रॉनमध्ये असतो आणि ऐकू येणाऱ्या सर्वात उंच सुराला, 20 किलोहर्ट्झलाही करंट तांब्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आत उतरतो.

चार स्क्वेअर तांबं ओढलं. एवढी जाड वायर प्रत्येक प्लगमध्ये शिरत नाही. तेव्हा कारागीर वायरीतल्या चार-सहा बारीक तारा छाटून मोकळा होतो, आणि नेमका तिथेच घोटाळा. मोठ्या भोकाचे प्लग घ्यावेत. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नये, तेही दबून सैल पडतं.

शेवटचं रीडिंग डावीकडे 80, उजवीकडे 79.