मीटरवर ९.३ व्होल्ट, तरी मार्कर बंद

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या सोळा वर्षांच्या लेकाने उन्हाळाभर शेजाऱ्यांचं गवत कापून पैसे साठवले आणि जुना इलेक्ट्रॉनिक पेंटबॉल मार्कर घेतला, म्हणजे हवेच्या दाबाने रंगाच्या गोळ्या मारायचं यंत्र. या खेळात बंदूक म्हणत नाहीत, मार्करच म्हणतात. १९८१ साली न्यू हॅम्पशायरमध्ये पहिला डाव झाला, तोच मुळी झाडांवर आणि गुरांवर खूण करायच्या रंगाच्या पिस्तुलांनी. त्या पिस्तुलांना बॅटरी लागत नव्हती. याला लागते, नऊ व्होल्टची चौकोनी.

ऑक्टोबरभर मार्कर छान चालला. नोव्हेंबरच्या थंडीत त्याने मान टाकली. मैदानावर गोळीच्या वेगाची मर्यादा सेकंदाला २८० फूट होती. क्रोनोग्राफसमोर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर, थांबून थांबून मारलं की आकडा २७५च्या आसपास यायचा. घोडा भराभर दाबला की २३०, २१०, मग स्क्रीन विझायची आणि मार्कर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. कुणी म्हणालं, हवेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर गेलाय. आम्ही तो उघडला, ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या, बदलल्या, ग्रीस लावलं. दोन शनिवार गेले. कुणी सांगितलं, ड्वेल वाढव, म्हणजे दर गोळीला झडप जास्त वेळ उघडी राहील. ते केल्यावर मार्कर आणखी लवकर बसायला लागला.

बॅटरीवर संशय आला नाही, कारण ती नवी कोरी होती. मीच आणली होती, स्वस्त चार नगांचं पाकीट, वर ठळक अक्षरांत ‘हेवी ड्यूटी’. मीटर लावला तर ९.३ व्होल्ट.

‘‘आई, नऊच्या वर दाखवतंय की! बॅटरी चांगलीच आहे,’’ लेक म्हणाला.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. तेव्हा प्रयोगवहीत लिहिलेला अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आतच करंटला होणारा अडथळा, मला त्या रात्री आठवला. मीटर बॅटरीकडून जवळजवळ काहीच करंट मागत नाही, त्यामुळे नुसत्या मीटरवर कमजोर बॅटरीही धडधाकट दिसते. मी जुन्या डब्यातून २२ ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर शोधला, बॅटरीच्या दोन टोकांना जेमतेम दोन सेकंद टेकवला आणि लेकाला आकडा वाचायला सांगितलं. ५.८! मग मैदानाजवळच्या दुकानातून आणलेली चांगली अल्कलाइन लावली. मोकळी ९.४, रेझिस्टरसकट ८.७.

त्या एका मोजमापात सगळं उलगडलं. पेंटबॉलला ढकलते ती हवा. बॅटरीचं काम फक्त सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, उघडायचं. पण ते काही मिलिसेकंदांत करायचं असतं आणि तेवढ्यापुरता करंट मोठा लागतो. सर्किटमधला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, दोन गोळ्यांच्या मध्ये भरून घेतो. सावकाश मारताना त्याला सवड मिळते, भराभर मारताना नाही. मग झडप अर्धवट उघडते आणि वेग पडतो. हेवी ड्यूटी म्हणून मिळतात त्या झिंक-कार्बन जातीच्या बॅटऱ्या भिंतीवरच्या घड्याळाला ठीक, इथे त्यांचा दम पुरत नाही. थंडीत रोध आणखी वाढतो. आणि ड्वेल वाढवून आम्ही त्याच दमलेल्या बॅटरीवर जास्त ओझं टाकलं होतं.

रिचार्जेबलचा विचारही केला. पण नऊ व्होल्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या निकेलच्या काहींत सहाच सेल असतात, म्हणजे खरे ७.२ व्होल्ट. सात सेलवालीत ८.४ मिळतात, तरी साठा २०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास. अल्कलाइनचा सावकाश वापरात ५०० तरी असतो. धुराच्या अलार्मसाठीची दहा वर्षं टिकणारी लिथियमही बघितली. तिच्यात साठा भरपूर, पण एकदम करंट द्यायला ती केलेलीच नाही. आम्ही अल्कलाइनवरच राहिलो.

बॅटरी बसवताना आणखी एक गोष्ट सापडली. क्लिपची फुलासारखी पाकळ्यांची बाजू सैल झाली होती, दर झटक्याला संपर्क हलत असणार. लेकाने बारीक पक्कडीने पाकळ्या एकेक करून आत दाबल्या आणि बॅटरीमागे फोमचा तुकडा सारला. मार्करला गोळ्या पुरवणाऱ्या लोडरचे पेन्सिल सेल वेगळे असतात, तेही बदलले.

पुढच्या शनिवारी ड्वेल पूर्वीच्या आकड्यावर आणून दहा गोळ्या सलग मारल्या. सगळ्या २७० ते २७८ मध्ये. आता नवी बॅटरी घातली की लेक तिच्यावर तारीख आणि रेझिस्टरसकटचा आकडा लिहितो. जादाची बॅटरी जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतो.