घोडकाठचं घर

शनिवार, रात्री साडेदहा

व्याख्यानाहून येऊन दोन तास झाले, तरी कशातच मन लागत नाही. म्हणून लिहायला बसले.

मंडळाच्या व्याख्यानांना मी दोन वर्षं जाते आहे. गडकिल्ल्यांवर कोणी बोलणार असेल तर खुर्च्या कमी पडतात. आज विषय इनामगावचा, तर जेमतेम तीस माणसं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. माझं माहेर शिरूरचं. ‘शिरूर घोडनदी’ ही एसटीची पाटी वाचतच मोठी झाले. त्याच घोड नदीच्या काठी, आमच्याच तालुक्यातल्या इनामगावला, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं आख्खं गाव जमिनीतून निघालं, आणि ते बघायला शाळेत असताना आम्हाला कुणी एकदाही नेलं नाही.

१९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजची पुरातत्त्वाची मंडळी तिथे खणत होती. सांकलिया, ढवळीकर ही त्या संशोधकांची नावं आता तोंडपाठ झाली आहेत. इ.स.पूर्व १६०० ते ७०० एवढा काळ तिथे वस्ती होती. शंभरावर घरं सापडली. आधीची चौकोनी, ऐसपैस. शेवटच्या काळातल्या मात्र लहान गोल झोपड्या. पाऊस कमी होत गेला, शेती हटली, तशी घरंही आक्रसली, असं वक्ते म्हणाले. त्या लोकांचं मुख्य पीक जव होतं, हे ऐकून बाजरीवर वाढलेली मी जरा चकितच झाले.

मध्येच एक खापर सगळ्यांच्या हातून फिरवलं. जोर्वे पद्धतीचं, म्हणजे जोर्वे गावच्या उत्खननावरून नाव पडलेल्या प्रकारचं, लाल, त्यावर काळ्या रंगाच्या तिरक्या रेघा. वक्ते म्हणाले, नखाने वाजवून बघा. वाजवलं, तर टण्ण असा धातूसारखा नाद आला. इतकं पक्कं भाजलेलं! आतल्या बाजूला चाकाच्या बारीक कडा बोटाला लागत होत्या. माझ्या शेजारच्या काकूंनी ते पदराने पुसून पुढे दिलं.

मग ती स्लाइड आली. घराच्या जमिनीखाली आडवे ठेवलेले दोन घट, तोंडाला तोंड लावलेले. आत बाळ. शेजारी तोटीचं भांडं आणि वाडगा. मेलेल्या लहान मुलांना ते लोक असे घरातच पुरायचे, ज्या जमिनीवर रोज चूल पेटायची, निजानीज व्हायची, तिच्याच खाली. मोठ्या माणसांना आडवं पुरताना घोट्याखालची पावलं तोडायचे; मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असं अभ्यासकांना वाटतं. त्यावर सभागृहात बरीच कुजबुज झाली, कुणी ‘बाप रे’ म्हणालं. मला त्यात अघोरी काही वाटलं नाही. मी त्या दोन घटांवरच अडकले होते. कुणीतरी ते जोडताना बाळाला धक्का लागू नये म्हणून एका हाताने धरलं असणार.

पुढचं मी नीट ऐकलंच नाही. पाच खोल्यांचं घर, त्याच्या अंगणातला चार पायांचा रांजण आणि त्यात बसवून पुरलेला माणूस, हे सगळं वहीत उतरवलंय, उद्या वाचेन.

आजीचं पहिलं मूल आठ दिवसांचं होऊन गेलं होतं, एवढंच मला माहीत होतं. आमच्यात लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. घरी आल्या आल्या आईला फोन केला आणि विचारलं, त्याला कुठे पुरलं होतं गं? आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “विहिरीकडच्या बांधाला. संक्रांतीला सुगडं पुजून झाली, की त्यातलं एक तुझी आजी तिथे नेऊन ठेवायची. कुणाला सांगायची नाही.”